शेवटचा मुक्काम पाहून घेताना

दिवाळीच्या अंकात हा विषय म्हणजे फराळाच्या ताटात कारल्याची भाजी, असे आमच्या घरच्या मंडळींचे मत पडले. माझे म्हणणे निराळे. दिवाळी अंक घरातली सगळी माणसे वाचतात, आणि दुपारच्या निवांतपणी पाय पसरून वाचतात. ही माहिती अशाच निवांतपणी वाचून ठेवण्यासारखी आहे. ज्या दिवशी तिची गरज लागते, त्या दिवशी घरात कुणाला वाचायला सवड नसते आणि डोकेही ठिकाणावर नसते.

मुलीसाठी स्थळ पाहायचे म्हटले की आपण केवढ्या चौकशा करतो! मुलाचा पगार, घराण्याची रीतभात, सासूचा स्वभाव. आणि एवढ्याने भागत नाही म्हणून शेजारच्या बिऱ्हाडातून हळूच काढलेली बातमी. जागा घ्यायची झाली, तर नळाला पाणी किती वेळ येते हे पाहायला आपण पहाटे जाऊन उभे राहतो. साधा प्रेशर कुकर घ्यायचा तर चार दुकाने पालथी घालतो. मात्र आपल्याच माणसाने आयुष्याचे शेवटचे दिवस जिथे काढायचे, तिथे जाऊन नेमके काय पाहावे आणि काय विचारावे, हे भल्याभल्यांना सांगता येत नाही. फोन करून आपण दोनच प्रश्न विचारतो : खाट रिकामी आहे का, आणि दिवसाचे किती पडतात?

गेल्या वर्षी हे काम माझ्या वाट्याला आले. माझी थोरली बहीण, आमची आक्का, ७१ वर्षांची. स्तनाचा कर्करोग, पुढे हाडांत उतरलेला. छातीवर एक जखम होती, ती भरून येणारी नव्हती. सात वर्षे उपचार चालले होते. माघ महिन्यात तिच्या डॉक्टरांनी केमोथेरपी थांबवली आणि "आता घरी न्या, आमच्याकडून करण्यासारखं काही राहिलेलं नाही," असे सांगितले. घरी नेले. पण घरी भावोजी ७६ वर्षांचे, त्यांना रक्तदाब, भाची नोकरीवाली. रात्री आक्का कण्हायला लागली की दोघेही तिच्या उशाशी बसून उजाडण्याची वाट पाहत. शेवटी भाची म्हणाली, "मावशी, अशा माणसांसाठी वेगळी जागा असते म्हणे. तू रिकामी आहेस, बघून येशील का?" शाळेतून निवृत्त झालेली बाई म्हणजे रिकामी, असा आमच्या घरात समज आहे. असो.

अशा जागेला हॉस्पिस म्हणतात. शब्दाचे मूळ वाटसरूंच्या धर्मशाळेत आहे. शेवटचे दिवस काशीला जाऊन काढण्याची चाल आपल्याकडे जुनीच आहे, आणि तिथे त्यासाठी मुक्तिभवनही आहे. पण तिथे जायचे ते मोक्षासाठी, औषधासाठी नव्हे. हॉस्पिस म्हणजे, रोग बरा होण्याची आशा उरलेली नसताना वेदना, धाप, मळमळ, जखमा, निद्रानाश आणि मनाची तगमग यांवर नेटाने उपचार करणारे ठिकाण. ह्या शास्त्राचे नाव पॅलिएटिव्ह केअर. मराठीत उपशामक उपचार, परिहार सेवा असे शब्द निघाले आहेत खरे, पण पाटीवर आणि डॉक्टरांच्या तोंडी इंग्रजी नावच असते. तेव्हा चौकशी करताना तेच वापरावे.

आजच्या पद्धतीचे हॉस्पिस प्रथम लंडनला निघाले, १९६७ साली, सेंट ख्रिस्तोफर्स ह्या नावाने. ते काढणाऱ्या सिसिली साँडर्स आधी परिचारिका, मग इस्पितळातल्या समाजसेविका, आणि डॉक्टर झाल्याशिवाय आपले कोणी ऐकणार नाही हे कळल्यावर चाळिशीच्या उंबरठ्यावर डॉक्टर झालेल्या बाई. १९४८ मध्ये कर्करोगाने मरत असलेल्या डेव्हिड टास्मा नावाच्या एका पोलिश निर्वासिताशी त्यांचा स्नेह जुळला होता. त्याने आपले ५०० पौंड त्यांच्या नावे ठेवले, ते त्यांच्या मनातल्या त्या घराला आपली एक खिडकी असावी म्हणून. त्या खिडकीभोवती घर उभे राहायला १९ वर्षे लागली. ह्या बाईंनी दोन गोष्टी जगाला पटवून दिल्या. एक, वेदनेवरचे औषध घड्याळाच्या काट्याबरोबर द्यायचे, कळ उठण्याची वाट पाहत बसायचे नाही. दुसरी, वेदना नुसती देहाची नसते. तिच्यात मनाची, घरादाराची, पैशाची आणि देवाधर्माचीही भर असते.

आपल्या देशातले पहिले हॉस्पिस मुंबईचे, वांद्र्याचे शांती अवेदना सदन. डॉ. एल. जे. डिसूझा यांनी ते १९८६ मध्ये सुरू केले. पुढे गोव्याला आणि दिल्लीलाही त्याच्या शाखा निघाल्या. पुण्यात वारज्याला सिप्लाच्या न्यासाचे केंद्र १९९७ पासून आहे. दोन्ही ठिकाणी रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. केरळात कालिकतला डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ मध्ये हे काम हाती घेतले; तिथून गावोगाव स्वयंसेवक तयार झाले, आणि २००८ मध्ये त्या राज्याने ह्या सेवेचे सरकारी धोरणच जाहीर केले. असे असूनही, २०१५ साली इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिटने ८० देशांतल्या ह्या सेवेची पाहणी केली, तेव्हा आपला नंबर लागला ६७वा. जगाचे मानही काही मोठे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे दरवर्षी सुमारे ५ कोटी ६८ लाख माणसांना अशा उपचारांची गरज असते, आणि ते मिळतात शंभरातल्या जेमतेम चौदांना.

चांगल्या जागा थोड्या आणि मागणी वाढती, म्हटल्यावर व्हायचे ते झाले आहे. चार खाटा, एक ऑक्सिजनचे नळकांडे आणि पगारी मावशी एवढ्या भांडवलावर 'पॅलिएटिव्ह केअर' अशी पाटी लागते. पाट्या सारख्याच, आत मात्र जमीन-अस्मानाचा फरक. मी तीन जागा पाहिल्या, त्यांची नावे सांगत नाही.

पहिली जागा मोबाइलवर फार देखणी दिसत होती, आणि प्रत्यक्षातही तशीच होती. दारात कारंजे, आत थंडगार हवा, प्रत्येक खोलीत टीव्ही. कोट घातलेल्या तरुण व्यवस्थापकाने मला तीन 'पॅकेजे' दाखवली. मी विचारले, "रात्री दोन वाजता माझ्या बहिणीच्या हाडांत कळ उठली, तर तुम्ही काय कराल?" तो हसून म्हणाला, "काही काळजी करू नका, आजी. अॅम्ब्युलन्स कायम उभी असते. वीस मिनिटांत आम्ही पेशंटला मोठ्या हॉस्पिटलच्या आयसीयूत पोचवतो." त्याला वाटले, मी खूश होईन. अहो, पण जे चुकवायला आम्ही तिथे जाणार, तेच तो अभिमानाने सांगत होता! मरणाच्या दारातल्या माणसाला रात्री-अपरात्री गाडीत घालून नळ्या लावायला नेणे, हे तर आमच्या जवळचे कुठलेही इस्पितळ करीत होते. मग मी विचारले, "गेल्या महिन्यात इथून किती जणांना असं हलवावं लागलं?" त्याने टेबलावरचे कागद सारखे केले आणि विषय अनामत रकमेकडे नेला.

हा दोन वाजताचा प्रश्न मी पुढे सगळीकडे विचारला. वाचकांनीही तो विचारावा. मात्र त्याचे उत्तर पारखायचे तर मॉर्फिनविषयी थोडे ठाऊक पाहिजे, कारण खरी परीक्षा तिथेच आहे.

मॉर्फिन अफूपासून काढतात. आपल्याकडे नीमच-मंदसौरच्या बाजूला सरकारी परवान्याने अफूची शेते पिकतात. म्हणजे औषध आपल्या घरचेच. पण अमली पदार्थांचा १९८५चा कायदा आला आणि त्याच्या धाकाने हे औषध ठेवणेच इस्पितळांनी आणि दुकानांनी सोडून दिले. एका राज्यात चारपाच निरनिराळे परवाने लागत, त्यांतला एक हाती येईपर्यंत दुसऱ्याची मुदत संपे. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन ही अडचण बरीच दूर झाली आणि मान्यताप्राप्त संस्थेला एकाच परवान्यावर ही औषधे ठेवता येऊ लागली. कागदावरची अडचण गेली, पण मनातली भीती तशीच आहे. डॉक्टरसुद्धा आवाज खाली आणून "मॉर्फिन?" असे म्हणतात.

मॉर्फिनची साधी गोळी सुमारे चार तास काम करते. म्हणून ती ठरल्या वेळी द्यायची. मध्येच कळ आली तर जादा मात्रा द्यायची; आणि दिवसात किती जादा मात्रा लागल्या, हे मोजून नेहमीची मात्रा वाढवायची. पोट हमखास बांधते, म्हणून पहिल्या दिवसापासून जोडीला रेचक हवेच. सुरुवातीचे दोन-चार दिवस गुंगी आणि मळमळ असते, ती बहुधा ओसरते. जाणत्या डॉक्टराच्या देखरेखीखाली वेदनेपुरते घेतलेले मॉर्फिन माणसाला व्यसनी करीत नाही, आणि मरणही अलीकडे ओढीत नाही. उलट थोड्या मात्रेत ते धापही कमी करते. एवढे ठाऊक असले म्हणजे पुरे. मग विचारायचे : मॉर्फिनच्या गोळ्या ह्या घटकेला तुमच्या कपाटात आहेत का? किल्ली कुणाकडे असते? रात्री जादा मात्रा द्यायची तर सिस्टर ती स्वतः देऊ शकते, की डॉक्टरला फोन लावून त्याची झोप मोडेपर्यंत थांबते? रेचक कुठले देता? ह्या शेवटच्या साध्या प्रश्नावर कितीतरी जण अडतात.

दुसऱ्या जागी गेले तेव्हा मन भरून आले, हे कबूल केले पाहिजे. एका सेवाभावी मंडळींचा आश्रम. आवारात तुळशी, मोगरा. माणसे इतकी प्रेमळ, की मला जेवल्याशिवाय सोडीनात. पैसे ऐच्छिक. पण मॉर्फिन नाही. "आम्ही साध्या गोळ्या देतो, आणि फारच झालं तर सगळे मिळून नामस्मरण करतो," असे तिथल्या ताई म्हणाल्या. कोपऱ्यातल्या खाटेवर एक बाई गुडघे पोटाशी घेऊन पडल्या होत्या. त्यांच्या मुठीत चादरीचा बोळा होता. नामस्मरणाला माझा विरोध नाही. आक्काच्या उशाशी हरिपाठ शेवटपर्यंत होता. परंतु ज्याच्या हाडात कळ आहे त्याला आधी गोळी द्यावी, मग टाळ. चांगुलपणाच्या जोडीला विद्याही लागते, आणि जिथे ती नाही तिथे आपले माणूस ठेवू नये. मग ती मंडळी कितीही साधुवृत्तीची असोत. त्या ताईंना हे तोंडावर सांगायला मात्र मला जड गेले.

तिसरी जागा बाहेरून अगदीच यथातथा. रंग उडालेला, लिफ्टपाशी 'बंद आहे' अशी पाटी, म्हणून रुग्णांच्या खाटा तळमजल्यावरच. आत शिरले आणि आधी नाकाने साक्ष दिली : कसलाच वास नाही. ना मुताचा, ना जखमेचा, आणि ते झाकायला मारलेल्या सुगंधी फवाऱ्याचाही नाही. ज्या घरात छातीची किंवा तोंडाची जखम सांभाळलेली आहे, त्यांना ह्याचा अर्थ कळेल. आक्काच्या जखमेला दुर्गंधी सुटली होती, आणि तिला दुखण्यापेक्षाही त्याचीच लाज वाटे. नातवंडाला जवळ येऊ देत नसे. मी हे सांगताच तिथल्या मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "मेट्रोनिडॅझोलची गोळी असते ना, जुलाबावर देतात ती? तिची बारीक पूड करून जखमेवर टाकतो. दोन-तीन दिवसांत वास जातो. आजच घरी सुरू करा, इथे जागा मिळेपर्यंत थांबू नका." चार रुपयांची गोळी! सात वर्षांत आम्हाला कोणी सांगितली नव्हती.

मी दोन वाजताचा प्रश्न विचारला. सिस्टर काही बोलल्या नाहीत. कमरेची किल्ली काढून त्यांनी मला कपाटापाशी नेले. कपाटाला दोन कुलपे. आत गोळ्या, बाटल्या आणि लांबट नोंदवही. आदल्या रात्रीची नोंद मला दाखवली : दोन वाजून दहा मिनिटे, खाट क्रमांक, मात्रा, सही, आणि तीन वाजता पुन्हा जाऊन पाहिल्याची दुसरी सही. ही दुसरी सही मला फार आवडली. औषध देणारे पुष्कळ असतात, दिलेले लागू पडले की नाही हे पाहायला परत येणारे थोडे.

त्यांनीच मग मला उलटे प्रश्न विचारायला सुरुवात केली. बहिणीला घरात काय म्हणून हाक मारतात? रात्री दिवा लागतो की अंधार? उजव्या कुशीवर झोपतात की डाव्या? शेजारी कोण निजणार? चहा किती गोड? पहिल्या जागी मला माझ्या बहिणीविषयी एकच प्रश्न विचारला होता, तो म्हणजे आधार कार्डाचा.

वॉर्डात प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी एक तक्ता टांगलेला, त्यावर दर दोन तासांनी कूस बदलल्याची खूण. तुम्ही जाल तेव्हा हा तक्ता जरूर पाहा, आणि घड्याळही पाहा. सकाळी अकरालाच संध्याकाळी सहापर्यंतच्या खुणा करून ठेवलेल्या असल्या, तर काय समजायचे ते समजा. मी एका खाटेवर शाळकरी मुलगी पाहिली. आजोबांच्या पायाशी बसून ती गणिते सोडवीत होती. भेटीची वेळ कुठली, असे मी विचारले, तर मावशी हसल्या. "भेटायची कसली वेळ, बाई? ज्याला वेळ आहे त्यानं यावं." व्यवस्थापकाशी तासभर बोलण्यापेक्षा अशा मावशींशी आणि व्हरांड्यात डबा खात बसलेल्या नातेवाइकांशी दहा मिनिटे बोलावे, असा माझा अनुभव. मी एका बाईंना विचारले, "इथे काय वाईट आहे?" चांगले काय असे विचारले तर सगळे भरभरून सांगतात, वाईट विचारावे. त्या म्हणाल्या, "डास आहेत. आणि रविवारी डॉक्टर येत नाहीत, फोनवर असतात." दोन्ही खरे निघाले. पण मच्छरदाणी आम्ही नेली, आणि रविवारी फोन पहिल्या घंटीला उचलला गेला.

आक्काला फाल्गुनात तिथे दाखल केले. डॉक्टरीण बाई तरुण होत्या. त्या उभ्याने बोलल्या नाहीत, स्टूल ओढून खाटेशी बसल्या आणि म्हणाल्या, "आक्का, सोळा आण्यांपैकी किती आणे दुखतंय?" आक्का क्षणभर विचार करून म्हणाली, "चौदा." मग मात्रा ठरली. दुसऱ्या दिवशी दहा आणे झाले, चौथ्या दिवशी चार. कमरेच्या हाडासाठी एकदाच किरणोपचार देऊन आणायचे ठरले. एका बैठकीनेही हाडाचे दुखणे पुष्कळ कमी होते आणि त्यासाठी पंधरा-वीस फेऱ्या लागतातच असे नाही, हे आम्हाला तिथे समजले.

तिच्या आजाराची अवस्था आक्काला सांगू नये, असे आमच्या घरी ठरलेले होते. भावोजींनी तसे डॉक्टरीण बाईंना बजावलेही. त्या म्हणाल्या, "मी आपणहून सांगणार नाही. पण त्यांनी विचारलं तर खोटंही बोलणार नाही." हे उत्तर भावोजींना रुचले नाही, मला मात्र तेव्हाच त्या बाईंचा भरवसा वाटला. एका दुपारी त्यांनी आक्काला विचारले, "तुम्हाला काय वाटतं, काय चाललंय?" आक्का म्हणाली, "मला सगळं ठाऊक आहे हो. ह्यांना तेवढं सांगू नका, ह्यांना ब्लडप्रेशर आहे." मी दाराशी होते. दोन महिने नवरा-बायको एकमेकांपासून एकच गोष्ट लपवीत होती! त्या संध्याकाळी बाईंनी दोघांना एकत्र बसवले आणि त्या बाहेर निघून आल्या. आत काय बोलणे झाले ते मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी आक्काने लॉकरची किल्ली भाचीच्या हातात दिली, आणि पैठणी कुणाला, पाटल्या कुणाला, हे तिच्याकडून लिहून घेतले.

"तिथे गेलेलं माणूस परत येत नाही गं," असे आमच्या शेजारणीने मला आधी ऐकवले होते. आक्का नवव्या दिवशी घरी आली. पाडव्याला गुढीपाशी खुर्चीत बसली, कडुलिंबाची चटणी तोंड वाकडे न करता खाल्ली. दुखणे काबूत आणून माणसाला घरी धाडणे, हेही चांगल्या हॉस्पिसचे काम आहे, म्हणून "इथून किती जण घरी जातात?" हा प्रश्न अवश्य विचारावा. घरी पाठवल्यावर आठवड्यातून एकदा त्यांची सिस्टर येई. घरी येणारी सेवा घ्यायची असेल, तर ती पारखण्याच्या गोष्टी थोड्या निराळ्या : येणारे माणूस दर खेपेला तेच असते की नवीन, रात्री फोन कोण उचलते, आणि घरच्यांना ते काही शिकवतात का. भावोजींनी ७६व्या वर्षी जखमेची पट्टी बदलायला शिकून घेतले, आणि ते भाचीपेक्षा नीट बदलत.

पैशाची गोष्ट बोलायला आपण लाजतो. लाजू नये. दिवसाच्या भाड्यात औषधे, डायपर, ऑक्सिजन, पट्ट्या आणि हवेची गादी येते की नाही, हे कागदावर लिहून घ्यावे. रोगी तिसऱ्या दिवशी गेला तर अनामत परत मिळते का, हा प्रश्न जिभेवर येत नाही, पण विचारावाच. विमा असेल तर कंपनीकडून आधी लेखी उत्तर आणावे. फुकट म्हणजे वाईट आणि महाग म्हणजे चांगले, हा हिशेब ह्या क्षेत्रात तरी खोटा आहे, हे वर आलेच आहे.

आणखी एक कागद. शेवटच्या आजारात नळ्या आणि श्वासयंत्र नको, असे माणसाला आधीच लिहून ठेवता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तो हक्क मान्य केला, आणि २०२३ मध्ये त्याची किचकट रीत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर काम होते. आक्काने तो केला होता. असा कागद केसपेपरला जोडून घेतात का, आणि रात्रपाळीच्या डॉक्टराला तो ठाऊक असतो का, हे विचारून ठेवावे. माणूस घरी पहाटे तीनला गेले तर दाखला कोण लिहून देणार, हेही. त्या वेळी दाखल्यासाठी दारोदार हिंडलेली कुटुंबे मी पाहिली आहेत.

वैशाखाच्या अखेरीस आक्काला धाप लागू लागली, आणि तिने स्वतःच "मला तिथे न्या" म्हणून सांगितले. शेवटच्या आठवड्यात तिचे जेवण तुटले. आपल्या घरांत ह्याच वेळी भांडणे होतात : सलाईन लावा, नळीने भरवा, उपाशी कसे ठेवता! सिस्टरांनी भाचीला बसवून समजावले, की शरीर आवरते घेत असते तेव्हा त्याला भूक नसते, आणि बळेबळे घातलेले पाणी अंगावर सूज आणते, छातीत साठते. मग काय करायचे? तोंड ओले ठेवायचे. मावशींनी कैरीचे पन्हे बर्फाच्या साच्यात ओतून गोठवले, आणि त्याचे बारीक खडे भाची आईच्या जिभेवर ठेवी. आक्काने डोळे न उघडता "वेलदोडा कमी आहे" असे म्हटले. ते तिचे आम्हाला ऐकू आलेले शेवटचे सबंध वाक्य. त्यानंतर ती दीड दिवस होती. दुखणे शेवटपर्यंत दोन आण्यांच्या वर गेले नाही. बोलता येत नव्हते तेव्हा सिस्टर कपाळावरच्या आठ्या पाहून अदमास घेत.

महिन्याभराने तिथून भावोजींना फोन आला. जेवता का, झोप लागते का, असे विचारून सिस्टर म्हणाल्या, "घरी गोळ्या उरल्या असतील, त्या परत आणून द्या. तशाच ठेवू नका." भावोजी डबा घेऊन गेले, मी बरोबर होते. सिस्टरांनी टेबलावर पांढरा कागद पसरून गोळ्या मोजल्या. सतरा. वहीत आकडा लिहून त्यांनी स्वतः सही केली, भावोजींची घेतली. मग वही मिटवली, चहा मागवला, आणि भावोजी पाऊण तास त्यांच्याशी आक्काविषयी बोलत बसले. येताना रिकामा डबा त्यांनी आठवणीने परत आणला.